पान लागलंय, सिस्टर!

“पान लागलंय हो सिस्टर, दीड तास झाला. भातात होतं माणूस.”

हे वाक्य मी दर वर्षी पावसाळ्यात ऐकते. बोलणारी बाई मुळशी तालुक्यातल्या एका वाडीवरची, पन्नाशी ओलांडलेली. हातात चिखलाने भरलेली चप्पल, पदर खोचलेला, आवाज चढलेला. खाटेवर तिचा नवरा निपचित पडलेला असतो. पोटरीला गमछा करकचून आवळलेला. भोवती चार विद्यार्थी, पांढऱ्या कोटांत. त्यातली एक मुलगी, लातूरकडची, धीर करून पुढे होते आणि विचारते, “काका कुठलं पान खायचे? तंबाखूचं का?”

काचेपलीकडे बसलेली बाकीची मुलं हसली नाहीत, कारण त्यांच्यातल्याही निम्म्यांना अर्थ लागला नव्हता. आमच्या भागात, आणि महाराष्ट्रात इतरही बऱ्याच ठिकाणी, साप चावला असं सरळ म्हणत नाहीत. तिन्हीसांजेनंतर तर सापाचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. पान लागलं म्हणजे सर्पदंश झाला. लातूरच्या मुलीनं तंबाखूची सवय म्हणून नोंद केली, पुढची सहा मिनिटं रक्तदाब आणि नाडी मोजण्यात गेली आणि बाई ओरडून ओरडून दमल्या.

खाटेवरचा नवरा प्लास्टिक आणि रबराचा होता. बाई खऱ्या होत्या, पण नवऱ्याला काही झालेलं नव्हतं. ते बाहेर चहा पीत बसले होते. ही आमची नर्सिंगची प्रयोगशाळा. मी मुळशीतल्या एका कॉलेजात शिकवते आणि गेली काही वर्षं माझा बराचसा वेळ असे खोटे प्रसंग रचण्यात जातो. अभ्यासक्रमाच्या भाषेत याला सिम्युलेशन म्हणतात. मुलं ‘सीन’ म्हणतात. मी ‘प्रसंग’ म्हणते. मुळशी म्हटलं की पुण्याच्या वाचकाला १९२१चा सत्याग्रह, सेनापती बापट, धरण आणि अलीकडे फार्महाऊस एवढंच आठवतं. पण याच तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर २०२० मध्ये सिंबायोसिसचं मुलींसाठीचं मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय उभं राहिलं, पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि ताम्हिणीच्या बाजूला पाऊस लागला की रस्ता, वीज, मोबाइलची रेंज या तिन्ही गोष्टी एकदमच जातात. अशा ठिकाणी पहिली दहा मिनिटं रुग्णाजवळ जी व्यक्ती असते ती बहुतेकदा डॉक्टर नसते, नर्स असते. ती दहा मिनिटं शिकवायची कशी, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

खोट्यावर शिकून मग खऱ्याला हात लावायचा, ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा एक अख्खा अध्याय सरावावर आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांवर करायचा, शिरा टोचण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर, आणि पट्ट्या बांधण्याचा ‘पुस्तमय पुरुषा’वर, म्हणजे माणसाच्या मापाच्या बनवलेल्या बाहुल्यावर. हे वाचल्यावर ‘सगळं आपल्याकडे होतंच’ म्हणण्याचा मोह होतो. तो मी टाळते, कारण मधल्या शतकांत ती बाहुली आपल्या हातून कुठे तरी पडून गेली. आधुनिक नर्सिंगमध्ये ती परत आली अमेरिकेतून. कनेटिकटमधल्या हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेनं ऱ्होड आयलंडमधल्या चेस नावाच्या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून मोठ्या माणसाच्या उंचीची बाहुली करून घेतली. १९११ मध्ये ती शाळेत आली आणि ‘मिसेस चेस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिला अंघोळ घालायची, कूस बदलायची, चादर बदलायची. पुढे १९६० मध्ये नॉर्वेतल्या स्टावांगरचे आस्मुंड लेरदाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकानं तोंडानं श्वास देण्याच्या सरावासाठी ‘ॲन’ तयार केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला. ती गोष्ट खरी किती आणि दंतकथा किती कोण जाणे, पण मुखवटा खरा आहे. जगातल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘वाचवलेला’ चेहरा तोच आहे.

आपल्याकडे नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं ते थेट वॉर्डात. पुण्याच्या सेवासदनानं, रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकारानं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुली आणि विधवा स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवल्या. ज्या काळात परक्याचं शरीर धुणं हे जातीनं आणि प्रतिष्ठेनं वर्ज्य होतं, त्या काळात या बायकांनी काय सोसलं असेल यावर स्वतंत्र लेख व्हावा. पण एक गोष्ट तेव्हापासून माझ्या पिढीपर्यंत बदलली नाही. शिकायचं ते रुग्णावर, आणि रुग्ण म्हणजे सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्यातला गरीब रुग्ण. पैसेवाल्याच्या खोलीत शिकाऊ मुलगी सुई घेऊन जात नसे. माझं पहिलं सलाईन ज्या आजींच्या हाताला लागलं, त्यांना मी चार वेळा टोचलं. त्या म्हणाल्या, “टोच बाळा, तुला पण शिकायचंय.” त्यांचा मोठेपणा मान्य करूनही मला हे वाक्य आठवलं की बरं वाटत नाही. त्यांना नाही म्हणण्याची सोय होती का?

आता माझी दुसरी आठवण, जिच्यामुळे मी या कामात पडले. नव्वदच्या दशकाची अखेर. मी जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला होते, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात प्रसूती वॉर्डात रात्रपाळीला. बावीस वर्षांची बाई, पहिलं बाळंतपण, सगळं नीट झालेलं. अर्ध्या तासानं मी रक्तदाब घेतला: ९०/६०. नाडी १२८. मी ते आकडे निळ्या पेननं सुवाच्य अक्षरात चार्टवर लिहिले. पंधरा मिनिटांनी परत घेतले, परत लिहिले. आकडे आणखी बिघडलेले होते. स्टाफ सिस्टर शेजारच्या टेबलावर अडकलेल्या प्रसूतीत होत्या, डॉक्टर ओरडत होते, आणि मध्येच जाऊन बोलायची माझी छाती झाली नाही. मला आकड्यांचा अर्थ माहीत होता. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. ती बाई वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. मला कोणी काही बोललं नाही. चार्ट पाहून सिस्टर म्हणाल्या, “नोंदी चांगल्या ठेवल्यास.”

ज्ञान असणं आणि त्या क्षणी ते तोंडातून बाहेर पडणं यांच्यात केवढी दरी आहे, हे मला त्या रात्री कळलं. आणि ती दरी व्याख्यानानं बुजत नाही. वैमानिकांच्या शिक्षणात हे फार आधी ओळखलं गेलं. ऑर्गन बनवणाऱ्या कारखान्यात वाढलेल्या एडविन लिंक यानं १९२९ च्या सुमारास ऑर्गनच्या भात्यांवर हलणारं जमिनीवरचं विमान तयार केलं, कारण आकाशात चुकायला परवानगी नसते. आमच्या क्षेत्रात चुकायला परवानगी नव्हती असं नाही. ती न बोलता मिळत होती, आणि किंमत दुसराच कोणी तरी मोजत होता.

प्रसंग रचायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते सर्पदंशाच्याच उदाहरणानं सांगते. आधी ठरवायचं, मुलांनी यातून काय शिकायचं. मी फक्त तीन गोष्टी ठरवते. दहा ठरवल्या तर एकही होत नाही. इथे त्या अशा: रुग्णाच्या बोलीतून दंश ओळखणं, आवळलेला गमछा घाईनं न सोडणं, आणि डॉक्टरांना फोनवर नेमकं सांगणं. मग त्याभोवती खरी परिस्थिती उभी करायची. जुलै-ऑगस्ट, भाताची लावणी, संध्याकाळचे साडेसहा, घोणस. डंखाजवळ सूज, हिरड्यांतून रक्त. हिरड्यांचं रक्त म्हणजे खायचा लाल रंग आणि थोडं कॉर्नफ्लोअर. पायाची सूज स्पंजच्या तुकड्यावर स्टॉकिंग ओढून होते. खर्च पन्नास रुपये.

गमछ्याची गोष्ट महत्त्वाची आहे. गावाकडे दंशाच्या वर आवळून बांधण्याची पद्धत अजून आहे. ते बांधू नये, हे मुलांना पाठ असतं, म्हणून प्रसंगात ती पहिलं काम काय करतात, तर कात्री घेऊन गमछा कापतात. आणि तिथेच घात होतो. बराच वेळ आवळलेला बंध एकदम सोडला तर अडलेलं विष एकदम शरीरात पसरू शकतं. शीर सुरू करून, डॉक्टर हजर असताना आणि तयारी ठेवून तो सोडायचा असतो. पुस्तकात हे एका ओळीत आहे. प्रसंगात गमछा कापला की मी पडद्यामागून बाहुल्याचा रक्तदाब खाली आणते, मॉनिटर किंचाळायला लागतो, बाई हंबरडा फोडतात. ज्या मुलीनं कात्री चालवली ती ही ओळ जन्मभर विसरत नाही.

मग रक्त गोठण्याची चाचणी. दोन मिलिलिटर रक्त, स्वच्छ कोरडी नवी काचेची परीक्षानळी, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची, मग तिरकी करून बघायचं. गोठलं नाही तर विषानं रक्ताची गोठण्याची शक्ती खाल्ली आहे. या चाचणीला ना वीज लागते ना यंत्र, म्हणून आमच्या भागात तिचं मोल जास्त. पण नळी प्लास्टिकची असली किंवा साबणानं धुतलेली असली तरी निकाल फसवा येतो, आणि काळजीपोटी मुलं दर दोन मिनिटांनी ती हलवून बघतात. वीस मिनिटं हात आवरून बसणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं. त्या वेळात दागिने काढायचे, जोडवीसुद्धा. सुजेच्या कडेवर पेननं रेघ मारून वेळ लिहायची. प्रतिविषाच्या कुप्या मोजायच्या. सुरुवातीची मात्रा साधारण दहा कुप्यांची असते आणि लहान मुलालाही तेवढीच, कारण साप मुलाचं वजन बघून विष कमी सोडत नाही. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते म्हणून ॲड्रिनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचं. मला यातलं शेवटचं काम न सांगता करणारी मुलगी दिसली की त्या दिवशीचा चहा गोड लागतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं गेली, असा ‘मिलियन डेथ स्टडी’चा अंदाज आहे. यातली बहुतेक खेड्यातली. घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन वापरून जे काम केलं, ते साध्या ग्रामीण दवाखान्यातल्या बारकाईनं घेतलेल्या नोंदींवर उभं आहे. म्हणजे प्रश्न कायम तोच: खाटेशेजारच्या माणसानं काय पाहिलं, आणि पाहिल्यावर काय केलं.

प्रसंग चालतो बारा ते पंधरा मिनिटं. त्यानंतरची चर्चा त्याच्या दुप्पट वेळ. मुलं सुरुवातीला या चर्चेला ‘पंचनामा’ म्हणायची, आणि पहिल्या वर्षी मी खरोखर पंचनामाच करत असे: तू हे चुकलीस, तू ते विसरलास. मुलं मान खाली घालून ऐकायची आणि पुढच्या प्रसंगात हातच लावायची नाहीत. माझी ती मोठी चूक होती. आता मी पहिला प्रश्न विचारते, “कसं वाटलं?” आणि गप्प बसते. गप्प बसणं मला फार जड जातं. शिक्षकी पेशात इतकी वर्षं बोलण्याचेच पैसे मिळाले आहेत. दुसरा प्रश्न, “कात्री उचललीस तेव्हा मनात काय होतं?” या प्रश्नाचं उत्तर नेहमी शहाणं असतं. ती मुलगी म्हणाली, “पाय काळा पडत होता मॅडम, मला वाटलं रक्त पोचत नाहीये.” म्हणजे तिनं बरोबर पाहिलं होतं, निष्कर्षही अर्धा बरोबर होता. ‘तू चुकलीस’ म्हटलं असतं तर हे निरीक्षणही तिनं पुसून टाकलं असतं.

लातूरची ती मुलगी चर्चेत रडली. रडू द्यावं. मग वाडीवरच्या बाईंनी (आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो) तिला जवळ घेतलं आणि विचारलं, “तुमच्याकडं काय म्हणतात गं?” त्यातून पुढे एक वहीच तयार झाली. ‘घेरी आली’, ‘डोळ्यापुढं अंधारी’, ‘अंग मोडून आलंय’, ‘छातीत भरून येतंय’, ‘अंगावरून जातंय’, ‘बाहेरचं झालंय’. शेवटच्या दोन शब्दप्रयोगांमध्ये केवढं काय दडलेलं असतं, हे बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलेल्यांना सांगायला नको. केरळमधून आलेल्या एका विद्यार्थ्यानं ही वही मल्याळम अर्थांसह उतरवून घेतली. माणसानं रुग्ण होऊन अभिनय करायचा ही पद्धत लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञानं १९६३ मध्ये सुरू केली. आक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्याकडं जागरण-गोंधळात माणसं याहून मोठी सोंगं काढतात.” आक्कांना आम्ही दिवसाचं मानधन देतो. पण त्यांचं खरं काम वर्गातल्या कुणाही प्राध्यापकापेक्षा कमी नाही.

ही सगळी मेहनत फळते का? हौस म्हणून कोणी एवढा खर्च करू नये, म्हणून पुरावा बघायला हवा. अमेरिकेतल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनं दहा कॉलेजांमध्ये मोठा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६६६ विद्यार्थ्यांनी तो पूर्ण केला. काहींना वॉर्डातले तास नेहमीसारखे, काहींचे पाव तास प्रसंगांना दिलेले, काहींचे अर्धे. शेवटी ज्ञानात, कौशल्यात, परवाना परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक दिसला नाही. आपल्याकडचे काही संस्थाचालक याचा अर्थ ‘अर्धा वॉर्ड रद्द करा’ असा काढतात. तो चूक आहे. त्या अभ्यासातले शिक्षक खास प्रशिक्षित होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर चर्चा ठरलेल्या पद्धतीनं होत होती. ते नसेल तर बाहुली ही फक्त महाग गादी.

मला जास्त जवळचा वाटतो तो बेळगावचा अनुभव. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी ५९९ प्रसूतिसेवकांना ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या कार्यक्रमाखाली शिकवलं. त्यात डॉक्टर होते, नर्स होत्या, दाईचं काम करणाऱ्या एएनएम होत्या. साधन काय, तर पाण्यानं भरायची बाळाची बाहुली. पाणी भरलं की तिला नवजात बाळाचं वजन आणि लोंबकळणारे हातपाय येतात; शिक्षकानं फुगा दाबला तर ती रडते, श्वास घेते, नाळेत नाडी लागते; नाही दाबला तर निपचित. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात कोरडं करायचं, पाठ चोळायची, आणि श्वास नसेल तर पिशवी-मास्कनं हवा द्यायची. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षात प्रशिक्षणाआधीचे ४,१८७ आणि नंतरचे ५,४११ जन्म तपासले होते. मृतजन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ वर आलं. त्यातले ‘ताजे’ मृतजन्म, म्हणजे प्रसूतीच्या अगदी सुमारास गेलेली बाळं, १.७ वरून ०.९ टक्क्यांवर. याचा एक अर्थ असा की पूर्वी ज्यांना मेलेलं समजून बाजूला ठेवलं जात असे, त्यांतली काही जिवंत होती. हे वाक्य लिहितानाही हात थांबतो. मात्र नवजात मृत्यूचं प्रमाण त्या अभ्यासात घटलं नाही, १.८ टक्क्यांच्या जागी १.९ राहिलं. बाहुलीनं पहिलं मिनिट शिकवलं. पुढच्या अठ्ठावीस दिवसांना लागणारी ऊब, दूध, संसर्गावरचे उपचार तिच्या आवाक्यात नव्हते.

बेळगावच्याच संशोधकांचं दुसरं काम माझ्या जुन्या रात्रीशी थेट जोडलेलं आहे. बाळंतपणात किती रक्त गेलं याचा अंदाज डोळ्यांनी घेण्याची पद्धत. तिथे त्यांनी बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून ते मोजलं. २००६ साली आलेल्या त्यांच्या तुलनेत डोळ्यांचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. मी हे वर्गात सांगून बघितलं; सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, बाकी काही नाही. मग मी एक जुनी सुती साडी, एक परकर आणि एक गादी आणली, मोजून लाल पाणी ओतलं आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर अंदाज लिहायला लावला. साडीत अर्धा लिटर पाणी कुठे जातं ते कळतच नाही. बहुतेक चिठ्ठ्या दोनशे-अडीचशेच्या होत्या. मीही चिठ्ठी टाकली होती, ओतणारी दुसरीच होती. माझा आकडा साडेतीनशे, इतकी वर्षं या कामात असूनही. हा खेळ आम्ही आता दर सहा महिन्यांनी करतो.

त्या प्रसंगात एक शिक्षिका कमरेला बाळंतपणाचं उपकरण बांधून स्वतः बाळंतीण होते. त्यात रक्ताची टाकी असते, गर्भाशय घट्ट-सैल करता येतो, बाळ बाहेर येतं. वरून लुगडं नेसलं की प्लास्टिक विसरायला होतं. ती कण्हते, पाणी मागते, “मला गार का वाटतंय?” म्हणते. आणि मुलीनं करायचं असतं ते माझ्याकडून राहून गेलेलं काम. गर्भाशय चोळायचा, ऑक्सिटोसिनची मागणी करायची, आणि फोन उचलून बोलायचं. बोलायची एक चौकट जगभर शिकवतात. तिचा उगम अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांत सांगतात. चार भाग: आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, मला काय हवं. आमच्या मुली पहिले दोन भाग उत्तम सांगतात. चौथा ‘सर, तुम्ही या ना’ इतका पुटपुटत. आणि तिसरा सांगतच नाहीत. “सर, बीपी ९० बाय ६०, पल्स १२८,” आणि शांतता. मी फोनच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर होऊन बसलेली असते. मी मुद्दाम तुसडेपणानं विचारते, “मग? मी काय करू?” काही मुली तिथेच फोन ठेवतात.

घरात, शाळेत, जेवणाच्या पंगतीत, मुलीला ‘मला वाटतं’ म्हणायची सवय कुठे लावलेली असते? शिवाय समोर ‘सर’. पांढरा कोट घातला म्हणून ती सवय एका रात्रीत येत नाही. म्हणून हा फोन मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून पाच-सहा वेळा करून घेते, प्रत्येक वेळी वेगळ्या चिडक्या आवाजाशी. एकदा खऱ्या वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरांनाच बसवलं. ते नंतर म्हणाले, “मॅडम, मी रात्री फोनवर असाच बोलतो का?” यापुढे डॉक्टर आणि नर्स यांचे काही प्रसंग एकत्रच घ्यावेत असं माझं ठाम मत झालं आहे. वेगवेगळ्या इमारतींत शिकवून त्यांना थेट एका खाटेपाशी आणून उभं करणं हाच मूळ वेडेपणा आहे.

भारतीय नर्सिंग परिषदेनं बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१-२२ पासून लागू केला. सत्रपद्धत आली, श्रेयांक आले, सिम्युलेशनलाही अधिकृत जागा मिळाली. चांगलं झालं. पण त्यामुळे खरेदीही सुरू झाली. उच्च दर्जाच्या बाहुल्यांच्या किमती लाखांच्या घरात. एका कॉलेजात मी अशी बाहुली प्लास्टिकच्या वेष्टनात, कपाटाला कुलूप लावलेली पाहिली आहे. तपासणीच्या दिवशी ती बाहेर निघते, तिला हार घालायचा तेवढा बाकी असतो. त्या पैशात दोन शिक्षकांना चर्चा कशी घ्यावी ते शिकवता आलं असतं आणि आक्कांसारख्या चार बायांचं वर्षभराचं मानधन निघालं असतं.

बाहुलीचे तोटे मीही पाहिले आहेत. ती घाबरत नाही, तिला वास येत नाही, ती लाजत नाही. आमची एक हुशार विद्यार्थिनी, प्रसंगांत कायम पहिली, वॉर्डात एका आजोबांना म्हणाली, “मी तुमची नर्स, आता मी तुमची शीर सुरू करणार आहे, तुमची संमती आहे का?” सगळं पाठ, एका दमात, आणि नजर त्यांच्या हातावर. आजोबा ऐकायला कमी येणारे होते. ते हसून “हो हो” म्हणाले. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, त्यांच्या तोंडाकडे बघ आधी. ही चूक तिची नव्हती. आमच्या तपासणी यादीत ‘संमती घेतली’ अशी चौकट होती, ‘उत्तर ऐकलं’ अशी नव्हती. आता आहे.

गेल्या वर्षी आम्ही सर्पदंशाचा प्रसंग बदलला. घोणशीऐवजी मण्यार. मण्यार रात्री चावते, भुईवर झोपलेल्या माणसाला, खूण जवळजवळ दिसत नाही. बाई पहाटे येते ती पोटात दुखतंय म्हणून. पान लागल्याचं कुणाला ठाऊकच नसतं, म्हणून शब्दाचा आधारही नाही. रक्त वीस मिनिटांत व्यवस्थित गोठतं. मग पापण्या जड होतात, आवाज घोगरा होतो, गिळता येईना होतं. लातूरची ती मुलगी आता चौथ्या वर्षाला होती. तिनं रुग्णाला वर बघायला सांगितलं, पापण्या उघडत नाहीत हे पाहिलं, आणि विचारलं, “मावशी, रात्री कुठं झोपला होतात? खाली का खाटेवर?” फोनवर तिनं तिसरा भाग सांगितला. मी नेहमीचा तुसडा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “सर, मला मण्यार वाटतेय, श्वास बंद पडू शकतो, मी अँब्यू बॅग घेऊन उभी आहे, तुम्ही निघा.”

चर्चा संपल्यावर आक्का माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, “हे सगळं बरं आहे, पण तुमच्या गोष्टीत बाई स्वतःच सगळं बोलती. आमच्यात असं कुठं असतं? सून आजारी असली तर सासू बोलती. सुनेला विचारलं तरी सासूच उत्तर देती.” मग त्यांनी सुचवलं की पुढच्या वेळी त्या सासू होतील, रुग्ण एखादी विद्यार्थिनी होईल, आणि तिनं एक शब्द बोलायचा नाही. सासूला खोलीबाहेर कसं काढायचं, तिचा मान न दुखावता, हे मुलींनी शोधायचं. दिवाळीच्या सुटीनंतर हा प्रसंग घ्यायचा ठरलाय. कागदावर उद्दिष्टं तीनच लिहिली आहेत. आक्कांनी मला बजावून ठेवलंय की त्या सहजासहजी बाहेर जाणार नाहीत.